छायाचित्र कोणाचे आणि लाज कोणाची?

(बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



चालकांनी मला ‘आपले कायदेशीर हक्क’ असा विषय दिला होता. तो इतका विस्तीर्ण आहे की त्यावर बोलू लागलो तर रात्र सरेल आणि आपल्या हाती फारसे काही लागणार नाही. म्हणून त्यातील एकच प्रश्न मी आपणांपुढे मांडणार आहे. घरातील एखाद्या व्यक्तीचे खाजगी छायाचित्र, चित्रफीत किंवा मोबाईलवरील संभाषण तिच्या संमतीवाचून चव्हाट्यावर आले, तर त्याची जबाबदारी कोणाची? प्रश्न अप्रिय आहे हे मी जाणतो. आईबापांच्या देखत मुलांना आणि मुलांच्या देखत आईबापांना तो ऐकावा लागणार आहे. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या कचेरीत ज्या रडत्या माता आणि मान खाली घालून बसलेले पिते आले, त्यांच्यापैकी पुष्कळांनी हा विषय आधी एकदा ऐकला असता तर त्यांचे निम्मे नुकसान टळले असते, अशी माझी खात्री आहे.

असा प्रसंग घडला म्हणजे पारावर, वस्तीत आणि दुर्दैवाने घरातही पहिला प्रश्न उठतो तो हा : ‘तिने असला फोटो काढलाच कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्यास आपण नीतीचे रक्षण करीत आहोत असे वाटत असते. वस्तुतः तो आरोपीचे वकीलपत्र घेऊन उभा असतो, आणि तेही विनामूल्य! कारण या एका प्रश्नाने गुन्हेगार बाजूला पडतो आणि जिच्यावर अन्याय झाला तिची उलटतपासणी सुरू होते.

आता हाच व्यवहार दुसऱ्या वस्तूला लावून पाहा. एका बाईने परगावी जाताना आपली सोन्याची माळ विश्वासाने शेजाऱ्याकडे ठेवली आणि शेजाऱ्याने ती बाजारात विकली. फिर्याद न्यायालयात गेल्यावर ‘माळ केलीच कशाला? ठेवलीच कशाला?’ असे न्यायाधीश विचारतील काय? माळ तिची होती, विश्वास तिने टाकला होता आणि तो शेजाऱ्याने मोडला, एवढेच न्यायालय पाहील. खाजगी छायाचित्र हीही एक ठेवच आहे. पत्नीने पतीला, वाग्दत्त वधूने वराला किंवा एका सज्ञान व्यक्तीने दुसऱ्या सज्ञान व्यक्तीला दिलेली ती ठेव त्या व्यक्तीपुरती असते. ती घेणाऱ्याला ती पुढे देण्याचा अधिकार मिळत नाही.

हे माझे मत म्हणून सांगत नाही. कायद्याने ते शब्दांत लिहून ठेवले आहे. दिल्लीतील 2012 च्या डिसेंबर महिन्यातील अत्याचारानंतर 2013 साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय दंड संहितेत 354-क हे कलम आले. स्त्रीच्या खाजगी कृत्याचे चोरून अवलोकन अथवा चित्रण करणे आणि ते प्रसृत करणे हा त्याने गुन्हा ठरविला. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अंमलात आली असून तेथे हा गुन्हा कलम 77 मध्ये आहे. पहिल्या अपराधाला किमान एक आणि कमाल तीन वर्षे, तर पुन्हा केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास. परंतु शिक्षेपेक्षाही मला त्या कलमाखालील दुसरे स्पष्टीकरण महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा की, स्त्रीने चित्र काढण्यास संमती दिली असली, पण ते तिसऱ्या व्यक्तीकडे जाण्यास संमती दिलेली नसली, तर ते पसरविणे हा गुन्हाच होय. काढू देण्याची संमती निराळी आणि पसरविण्याची संमती निराळी. पारावरच्या प्रश्नाला संसदेने 2013 सालीच उत्तर दिले आहे. ते आपल्या घरापर्यंत अद्याप पोचलेले नाही.

याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याचे कलम 66-ई आहे. संमतीवाचून कोणाच्याही गुप्तांगाचे चित्र काढणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठविणे यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. लैंगिक कृत्याची चित्रफीत पसरविल्यास कलम 67-अ लागू पडते आणि पहिल्याच अपराधाला पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. हे कायदे कागदावरच राहतात, असे कोणी म्हणेल. पश्चिम बंगालमधील तमलूक येथील न्यायालयाने 2018 साली, पूर्वीच्या मैत्रीचा सूड म्हणून एका तरुणीची खाजगी चित्रे इंटरनेटवर टाकणाऱ्या इसमास पाच वर्षांची शिक्षा दिली. फिर्याद दाखल झाल्यापासून निकालाला वर्षसुद्धा लागले नाही. सर्वच खटले इतक्या वेगाने चालतात असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. पण पुरावा जपला आणि फिर्याद वेळेवर झाली तर काय होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

‘काढलाच कशाला’ या प्रश्नाचे आणखी दोन प्रकारे दिवाळे निघाले आहे. 2014 साली अमेरिकेत अनेक नामवंत नटींची खाजगी छायाचित्रे चोरून इंटरनेटवर टाकण्यात आली. त्यांनी ती स्वतः प्रसिद्ध केली नव्हती. ॲपल आणि गूगल या कंपन्यांकडून आल्याचे भासविणारी खोटी पत्रे पाठवून चोरट्यांनी त्यांचे पासवर्ड काढून घेतले होते. त्या प्रकरणाच्या तपासात सापडलेल्या एका इसमाला 2016 साली अठरा महिन्यांची कैद झाली. तरीही त्या वेळी जगभर अनेकांनी दोष दिला तो त्या स्त्रियांनाच! दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणत्याही मुलीच्या साध्या छायाचित्रावरून, मग ते महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील असो की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसून काढलेले असो, नग्न चित्र बनविता येते. तिने काहीच काढलेले नसते. मग आता तिला काय विचारणार? चेहरा घेऊन जन्मालाच का आलीस, असे?

येथे थोडा मागचा इतिहास सांगणे मला आवश्यक वाटते, कारण खाजगीपणा ही बंगल्यात राहणाऱ्या श्रीमंतांची चैन आहे असा एक समज आपल्यात आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर कोणते वस्त्र घालावे, आपल्या आजीने कोणता दागिना घालावा, वरातीत घोड्यावर बसावे की नाही, हे गाव ठरवीत असे. ज्याच्या आयुष्यातील कोणतीही गोष्ट त्याची एकट्याची नाही, अशी ती अवस्था होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसाला खाजगीपणाचे मोल दुसऱ्याने शिकविण्याची गरज पडू नये. बाबासाहेबांनी 1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी जे निवेदन तयार केले, आणि जे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असा मूलभूत हक्क त्यांनी मागितला होता. तो हक्क संविधानात स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 आणि 1962 साली दिलेल्या निकालांतही खाजगीपणाच्या मूलभूत हक्कास मान्यता मिळाली नाही. अखेर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्या मुलीच्या मोबाईलमध्ये जे आहे ते तिचे आहे, या साध्या वाक्यामागे सत्तर वर्षांचा हा वाद उभा आहे.

जबाबदारीचा प्रश्न मात्र चित्र प्रथम बाहेर काढणाऱ्यापाशी संपत नाही. चित्र एकजण बाहेर काढतो आणि शंभरजण ते पुढे पाठवितात. हे शंभरजण स्वतःस निर्दोष समजतात. ‘मला आले, मी पुढे पाठविले, मी थोडेच काढले?’ असे सांगणारे सुशिक्षित तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी काहीजण सकाळी विहारात वंदनेला येणारे असतात, हे सांगताना मला खेद होतो. पुढे पाठविणे म्हणजेच प्रसृत करणे. स्त्री पत्रकारांविषयी आलेला एक हीन मजकूर समाजमाध्यमावर पुढे पाठविणाऱ्या एका माजी आमदाराने ‘मी तो न वाचताच पाठविला’ असा बचाव केला होता. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 साली त्याच्यावरील खटले रद्द करण्याचे नाकारले आणि पुढे पाठविणाऱ्यावरही जबाबदारी येते असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. चित्रातील मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर गोष्ट फारच गंभीर होते. तेव्हा 2012 चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67-ब लागू होतात, आणि असे साहित्य विशिष्ट हेतूने नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे. आपण सम्यक वाचेचा उच्चार नित्य करतो. आजच्या काळात अंगठ्याने दाबलेले बटण हीही वाचाच आहे. असे चित्र आपणांकडे आले तर ते पुढे पाठवू नये. ज्याने पाठविले त्याला हा गुन्हा आहे असे सांगावे. आणि ती मुलगी ओळखीची असेल तर तिच्या घरातील एखाद्या समंजस व्यक्तीस एकांतात कळवावे. वस्तीभर कळवू नये.

आता घराकडे वळतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या ओळखीच्या एका तरुणाने तिची खाजगी चित्रे तिच्याच वर्गातील मुलांना पाठविली होती आणि त्याआधी आठवडाभर तो तिला व्हॉट्सॲपवर धमक्या देत होता. मी त्या धमक्या पाहू मागितल्या. गृहस्थांनी पिशवीतून एक पुडके काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यात मोबाईलचे तुकडे होते. संतापाच्या भरात त्यांनी तो पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला होता. मुलीचे महाविद्यालय त्याच दिवशी बंद केले होते आणि मामाच्या गावी तिच्यासाठी स्थळ पाहणे सुरू झाले होते. तो बाप वाईट नव्हता. त्याच मोबाईलसाठी त्याने सोसायटीतून कर्ज काढले होते, कारण मुलीचा अभ्यास त्यावर चालत असे. परंतु आरोपीला जे साधायचे होते त्यातील बाकी राहिलेले सारे बापानेच पुरे केले होते. पुरावा नाहीसा झाला, शिक्षण थांबले आणि मुलीला शिक्षा झाली. आरोपी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात हजर होता. वर्गातील एका मुलीने तिला आलेले संदेश जपून ठेवले होते, तिच्या साक्षीमुळे फिर्याद उभी राहिली. माझ्या अशिलाची मुलगीही पुढच्या वर्षी परीक्षेला बसली. त्यासाठी बापाशी मला जितके भांडावे लागले तितके पोलिसांशी लागले नाही.

म्हणून उपासकहो, असा प्रसंग आला तर मोबाईल फोडू नका आणि त्यातील काही पुसूही नका. ज्या क्रमांकावरून संदेश आला तो, तारीख, वेळ, चित्र ज्या ठिकाणी टाकले त्याचा पत्ता, हे सर्व पडद्यावर जसेच्या तसे टिपून ठेवा. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले की, मूळ उपकरण हजर न करता त्यातील नक्कल पुरावा म्हणून द्यावयाची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. मूळ मोबाईल शाबूत असेल तर वकिलाचे काम निम्म्याने हलके होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

त्यानंतर फिर्याद. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही, सायबर पोलिसांकडे जा’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि हद्द कोणतीही असली तरी ती नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते. कलम 77 खालील गुन्ह्याची खबर पीडित स्त्री देत असेल तर ती स्त्री अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची आहे. नोंदविलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नाकारलेच तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मात्र आरोपीला शिक्षा व्हावी असे वाटत असेल तर नावानिशी दिलेली फिर्यादच उपयोगी पडते.

चित्र काढून टाकण्याचे काम मात्र खटल्याच्या निकालापर्यंत थांबविता कामा नये. 2021 साली केलेल्या नियमांनी समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर असे बंधन घातले की, पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्याने तक्रार केल्यास नग्नता वा लैंगिक कृत्य दाखविणारी चित्रे ठरवून दिलेल्या मुदतीत काढावीत, आणि ही मुदत 2021 साली 24 तासांची होती; बनावट रीतीने जोडलेली चित्रेही त्यात येतात. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक विनामूल्य सोयही 2021 पासून उपलब्ध आहे. तिच्यात आपले चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. आपल्याच मोबाईलवर त्या चित्राचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तेच चित्र तेथे पुन्हा टाकले जात असता अडविता येते. ही सोय अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. जी कंपनी सहभागी नाही तेथे तिचा उपयोग होत नाही, हेही सांगून ठेवतो.

तरुण मुलांना दोन शब्द. तुमच्यावर हा प्रसंग येत नाही असे समजू नका. अनोळखी स्त्रीच्या नावाने ओळख होते, चित्रसंवाद होतो, तो टिपून ठेवला जातो आणि मग पैशांची मागणी सुरू होते. पैसे देऊ नका. एकदा दिलेल्याकडून पुन्हा मागतात, हा आजवरचा अनुभव आहे. ही खंडणी आहे आणि न्याय संहितेच्या कलम 308 खाली तो गुन्हा आहे. पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवा. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम रोखून धरण्याची शक्यता अधिक असते. आणि घरी सांगा. बापाचा ओरडा खाणे परवडते. लाजेपायी जीव दिलेल्या मुलाच्या बापासमोर मी बसलो आहे, त्याविषयी अधिक बोलवत नाही.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट विशेषत्वाने सांगावयाची आहे. धम्म स्वीकारला म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण गेले, अशी भीती काहीजण घालतात. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1990 साली दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला आहे. त्यामुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या कुटुंबाला 1989 चा हा कायदा लागू होतो. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर हा मुद्दा पहिल्याच जबाबात आला पाहिजे. 2015 च्या दुरुस्तीने या कायद्याला जे परिशिष्ट जोडले त्यात चोरून चित्रण व प्रसारण करण्याचा गुन्हाही आहे, आणि आरोपी पीडितेला किंवा तिच्या कुटुंबाला ओळखत असेल तर तिची जात त्याला ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करावयाचे. या कायद्याखालील तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. कलम 15-अ प्रमाणे पीडितेला व साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि जामिनाच्या अर्जाची आगाऊ सूचना मिळण्याचा हक्क आहे. म्हणून मुलीच्या नावाचा जातीचा दाखला आजच काढून ठेवा. खबर देताना ‘धर्म बौद्ध’ एवढेच सांगून थांबू नका. दाखल्यावरील जातही लिहून घेतली आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहा. एवढ्या एका ओळीच्या अभावी तपास महिनोन्महिने रखडलेले मी पाहिले आहेत.

सावधगिरीविषयी मी मुद्दामच शेवटी बोलतो आहे, कारण आधी बोललो असतो तर तीच सबब म्हणून वापरली गेली असती. दुरुस्तीला मोबाईल देण्यापूर्वी त्यातील खाजगी वस्तू दुसरीकडे ठेवून तो रिकामा करावा. पासवर्ड नवऱ्यालाही द्यावा की नाही हे ज्या त्या स्त्रीने स्वतः ठरवावे. प्रेमाची परीक्षा म्हणून तो मागणाऱ्यापासून मात्र सावध असावे. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि फोनवर आलेला सांकेतिक आकडा कोणासही सांगू नये. घराला कुलूप लावणे शहाणपणाचे आहे. ते लावायचे राहिले म्हणून चोर साव ठरत नाही आणि घरधनी चोर ठरत नाही, हे आपल्या गावात न शिकलेला माणूसही जाणतो.

आता आपले प्रश्न घेऊ. ज्यांना सभेत विचारणे शक्य नाही अशा भगिनींसाठी माझ्या सहकारी वकीलबाई विहाराच्या मागील खोलीत नऊ वाजेपर्यंत बसल्या आहेत. त्या कोणाचे नाव विचारणार नाहीत. तिकडे कोण गेले याकडे इतरांनी कृपा करून पाहू नये.